कापडाच्या गोदामातली तपासणी

नांदेडला मला नोकरी लागली तेव्हा लातूरच्या आमच्या भांड्यांच्या दुकानात अप्पांनी येईल त्या गिऱ्हाइकाला पेढा दिला. पण पोरगी नेमकं काय काम करते असं कुणी विचारलं की त्यांची पंचाईत व्हायची. एका रविवारी मी घरी आले असताना त्यांनी मला समोर बसवलं.

"तू शिकवतीस का तिथं?"

"न्हाई अप्पा."

"मग क्लार्क हाईस?"

"तसंही न्हाई. पोरांना शिकता शिकताच कुठंतरी काम करून अनुभव घ्यावा लागतो. त्याच्यासाठी कंपन्या, कारखाने, दवाखाने हुडकायचे, त्यांना राजी करायचं आन पोरांना तिथं धाडायचं. हे माझं काम."

हातातला पितळी तांब्या फडक्यानं पुसत अप्पांनी थोडा विचार केला. "म्हंजी आडत्या," ते म्हणाले. "शेतकरी एकीकडं, व्यापारी एकीकडं. तू मधी."

चेष्टा करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. व्यापारी माणसाला समजेल अशा जागी त्यांनी माझी नोकरी नेऊन बसवली, आणि मलाही ती त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळली.

नांदेड शहराबाहेर एका संस्थेनं नव्यानं उभं केलेलं ते छोटं विद्यापीठ होतं. नोकरी कंत्राटी, दरवर्षी वाढवून मिळणारी. आमच्या विभागात आम्ही दोघंच. एक सर, ज्यांचा मूळ विषय भौतिकशास्त्र आणि ज्यांच्याकडे हा विभाग जादा म्हणून दिलेला होता, आणि दुसरी मी. सर सकाळी तास घ्यायचे आणि दुपारी माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून म्हणायचे, "बोला, आज कुणाच्या दारात जायचं?"

दारं फार नव्हती. इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना शेवटच्या सत्रात बाहेर काम शिकणं सक्तीचं होतं आणि नांदेडात त्यांना घेतील अशा जागा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. बरीच मुलं पुण्याला जायची. मुलींचं तसं नव्हतं. त्यातली एक हिमायतनगरकडची होती. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, त्यामुळं ही लहानपणापासून तांब्याच्या तारेत वाढलेली. हुशार आणि तोंडानं फटकळ. ती एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, पुणं जमणार न्हाई. पप्पा म्हणून राहिले, लातूरपर्यंत जा. तिथं माझी मावशी राहते. लातूरला बघा ना काहीतरी."

"लातूरला इलेक्ट्रॉनिक्सचं काय बघू मी?"

"तुमचं गाव हाय ते," ती म्हणाली. "तुमालाच माहीत."

तिच्या मागं आणखी दोन मुली उभ्या होत्या. त्यांच्याही घरून पुण्याला नकार होता.

मग मी खांद्याला पिशवी अडकवून लातूरला दर शनिवारी उन्हातान्हात दारं ठोठावायला लागले. डाळ गिरण्यांमध्ये नवीन यंत्रं आली होती. डाळीचा खराब दाणा कॅमेऱ्यानं ओळखून बाजूला फेकणारी. मला वाटलं, इथं शिकण्यासारखं खूप आहे. पण एक मालक म्हणाले, "मुलगी असेल तर नको. लई धूळ असते." दुसरे म्हणाले की यंत्र बिघडलं तर कंपनीचा माणूस हैदराबादहून येतो, आमचे लोक त्याला हातही लावत नाहीत. शनिवारचे शनिवार गेले आणि माझ्या हाती काही लागेना.

त्याच सुमारास आमच्या आजोबांचं पुण्यस्मरण आलं. आमच्याकडं त्या दिवशी कुठल्यातरी शाळेत मुलांना जेवण द्यायची पद्धत आहे. त्या वर्षी आईनं गावाबाहेरची कर्णबधिर मुलांची निवासी शाळा निवडली. मी तिच्याबरोबर शिऱ्याचं पातेलं धरायला म्हणून गेले.

मुलं जेवत होती. पंगतीत शब्द एकही नव्हता, पण शांतता म्हणावी तर तीही नाही. ताटं वाजत होती, हात हवेत फिरत होते, हसण्याचे मोठे आवाज येत होते. एका चिमुरडीनं, असेल सहा-सात वर्षांची, कानातली मशीन काढली, ताटाच्या कडेवर दोनदा आपटली, पुन्हा घातली, तोंड वाकडं केलं आणि सरळ फ्रॉकच्या खिशात टाकून दिली. मी मुख्याध्यापिकाबाईंकडं बघितलं.

"बंद पडलीय," बाई म्हणाल्या. "हिचीच न्हाई. या, दाखवते."

त्यांनी कार्यालयातल्या कपाटाचं दार उघडलं. खालचा अख्खा कप्पा कानाच्या बंद मशिनींनी भरला होता. कुणाची तार तुटलेली, कुणाचं बॅटरीचं झाकण गेलेलं, कुणात घाम जाऊन गंज चढलेला. दुरुस्तीला पाठवायच्या तर मोठ्या शहरात पाठवाव्या लागतात, महिने लागतात, तोवर मूल तसंच बसून राहतं, असं बाईंनी सांगितलं. मी त्या कप्प्याकडं बघत होते आणि माझ्या डोक्यात हिमायतनगरची ती पोरगी उभी होती.

सोमवारी मी सरांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले, खिडकीशी गेले आणि परत आले. "ही कंपनी नाही," ते म्हणाले. "पण प्रशिक्षण आहे, हे मी विद्या परिषदेला पटवून देईन. तेवढं माझ्यावर सोडा." सर वादात कधी आवाज चढवत नसत. तरीही त्या बैठकीहून ते घामाघूम होऊन आले आणि अंगठा वर करून माझ्या टेबलासमोरून निघून गेले.

तिघी मुली लातूरला गेल्या. पहिले एक-दोन दिवस त्यांना कोण आनंद झाला होता. हिमायतनगरच्या मुलीनं वडिलांच्या दुकानातला बारीक सोल्डरिंगचा सेट आणला होता. त्या चिमुरडीची मशीन तिनं सगळ्यात आधी उघडली, साफ केली, तुटलेली तार जोडली. मशीन चालू झाली. पोरीच्या कानात घातली आणि तिनं असा काही चेहरा केला की जणू कुणी सुई टोचली. मशीन शिट्टी मारत होती. शेजारी उभं राहिलं तरी ऐकू येईल इतकी. पोरीनं ती उपटून काढली आणि पळून गेली.

"चालू झालं म्हणजे बरोबर झालं असं न्हाई, बाळा," बाई हिमायतनगरच्या मुलीला म्हणाल्या. "लेकराचा कान वाढला, कानात बसवायचा साचा जुनाच राहिला. फटीतून आवाज बाहेर येतो आन मशीन तोच परत ओढून घेते. आन कुठला आवाज किती मोठा पाहिजे, हे प्रत्येक कानाचं वेगळं. कान तपासल्याशिवाय कशाला हात लावायचा न्हाई."

त्या रात्री तिनं मला फोन केला. "मॅडम, मला वाटलं होतं पंखा दुरुस्त केल्यासारखं असंल."

"मग आता?"

"आता काय? शिकावं लागंल."

शिकवणारी माणसंही लातुरातच सापडली. एका दवाखान्यात नुकतीच रुजू झालेली तरुण ऑडिओलॉजिस्ट होती. आठवड्यातून दोन दुपारी शाळेत येऊन मुलांचे कान तपासायला आणि या तिघींना साचे घ्यायला शिकवायला ती तयार झाली. मानधन नको म्हणाली. पण शाळेकडं कान तपासायचं स्वतःचं यंत्र नव्हतं, साच्यांचं सामान नव्हतं, सुटे भाग नव्हते. दवाखान्याचं यंत्र दर खेपेला उचलून आणणं शक्य नव्हतं. म्हणजे पैसे उभे करणं आलं.

विद्यापीठात पैसे गोळा करणं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं. उपकुलसचिव मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "काम चांगलं आहे, पण विद्यापीठाच्या नावानं एक रुपयाही रोख घ्यायचा नाही. देणाऱ्यानं थेट शाळेच्या खात्यात टाकावं, पावती शाळेनं द्यावी. तुम्ही फक्त सांगायचं." मला तेव्हा त्यांचा राग आला. पुढं त्यांचे मनापासून आभार मानले, कारण त्या एका नियमामुळं आमच्यावर कधी कुणाला बोट ठेवता आलं नाही.

विद्यार्थ्यांनी फलक रंगवले, शाळेच्या खात्याचा कोड छापून घेतला आणि एका शनिवारी आम्ही लातूरच्या गोलाईत उभे राहिलो. गोलाई म्हणजे गावाच्या पोटातली गोल बाजारपेठ, चारी बाजूंनी रस्ते येऊन तिला मिळतात आणि लातूर जिल्ह्यातलं निम्मं लग्नाचं सामान तिथंच खरेदी होतं. लोकांनी आमच्याकडं पाहिलं आणि वाट वाकडी केली. कुणी म्हणालं, "पुढं व्हा." कुणी म्हणालं, "कालच दिले एका पार्टीला." ऊन वर चढलं तशा मुली एकेक करून पायऱ्यांवर बसल्या. मी मात्र फलक धरून उभी राहिले. नेमक्या त्याच वेळी अप्पा तिथल्याच आमच्या दुकानातून बाहेर आले.

त्यांनी मला बघितलं. परत आत गेले.

संध्याकाळी जेवताना त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. शेवटी आईनंच विषय काढला, आणि ते म्हणाले, "या बाजारात माझी हयात गेली. आपलं घर देणाऱ्याचं हाय. दासोह करणाऱ्याचं, दारी येईल त्याला जेवू घालणाऱ्याचं. आन माझी पोरगी बाजारात पाटी घेऊन उभी?"

"अप्पा, माझ्यासाठी न्हाई मागत मी. लेकरांसाठी मागते."

"कामून भांडतीस?" ते म्हणाले. "भांडत न्हाई, मागते म्हणाले!" मी ओरडून सांगितलं. आई माझ्याकडं बघायला लागली. मीही थांबले. अप्पांना माझं पहिलं वाक्य धड ऐकूच आलं नव्हतं. ते गेली काही वर्षं सगळ्यांवर चिडायचे, की आजकालची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात. याच्या मागं आमच्या दुकानातली ठोकाठोक होती. तरुणपणी ते स्वतः तांब्याला ठोके मारायला बसत, आणि दोन्ही बाजूंच्या दुकानांत तेच चाललेलं असे. त्याची किंमत त्यांचे कान मोजत होते, हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग ताट बाजूला सारताना अप्पाच म्हणाले, "व्यापाऱ्याकडं हात पसरला की व्यापारी लांब पळतो. काहीतरी दे आन मग घे. फुकट कुणी कुणाला काय देत न्हाई, आन फुकट कुणी काय घेऊही नये."

रात्रभर ते वाक्य माझ्याजवळ होतं. सकाळी मी ऑडिओलॉजिस्टला फोन लावला. बाजारातल्या दुकानदारांचे कान एक दिवस तपासून देशील का? तपासून घेतील, त्यांना वाटलं तर शाळेला देतील, नाही वाटलं तर नाही. ती म्हणाली, "देईन, पण मला शांत खोली पाहिजे. गोलाईत ती कुठून आणणार?"

ती खोली हिमायतनगरच्या मुलीनं शोधली. अप्पांच्या दुकानाशेजारी त्यांच्या जुन्या दोस्ताचं कापडाचं दुकान होतं, मागं गोदाम. ती आत गेली, मधोमध उभी राहिली आणि टाळी वाजवली. छतापर्यंत कापडाचे गठ्ठे रचलेले होते. टाळी तिथल्या तिथं विरली. तिनं पुन्हा वाजवली, हसली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मॅडम, इथं आवाज मरतो!" ऑडिओलॉजिस्टनं येऊन आपल्या उपकरणानं खात्री केली आणि मान डोलावली.

बाजार बंद असतो त्या दिवशी आम्ही गोदामात टेबल मांडलं. तिघी मुलींनी नावं घ्यायची, कानात बघायच्या आधी समजावून सांगायचं, यंत्राच्या तारा लावायच्या, अशी कामं वाटून घेतली होती. सर नांदेडहून सकाळच्या गाडीनं आले होते आणि दाराशी उभे राहून येणाऱ्याला पाणी देत होते. अडचण एकच होती. येणारं कुणी नव्हतं. दुकानदार समोरच्या ओट्यावर बसून आमची गंमत बघत होते. आपला कान अधू आहे का हे चारचौघांत कोण तपासून घेणार?

मग त्याच ओट्यावरून अप्पा उठले. पांढरं धोतर सावरत रस्ता ओलांडून आले आणि सरळ खुर्चीत बसले. "लावा काय लावायचं ते," म्हणाले.

एका मुलीनं त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "आजोबा, बारीक शिट्टी ऐकू आली की दाबायचं. लई बारीक आली तरी दाबायचं."

अप्पांनी मान हलवली. ऑडिओलॉजिस्टनं यंत्र सुरू केलं. ओट्यावरची माणसं एव्हाना दाराशी येऊन थांबली होती. सुरुवातीला अप्पांनी दोन-तीनदा बटण दाबलं. मग त्यांचा अंगठा बटणावर तसाच राहिला. ऑडिओलॉजिस्ट यंत्राची चकती फिरवत होती, आणि अप्पा समोर बघत वाट पाहत होते. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी हेडफोन थोडा उचलला आणि विचारलं, "यंत्र बंद पडलं का?"

ऑडिओलॉजिस्टनं मान हलवून नाही म्हणून सांगितलं. अप्पांनी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडं बघितलं. माझ्याकडं सगळ्यात शेवटी. मग हेडफोन परत नीट बसवला आणि म्हणाले, "चालू द्या. दुसरा कान करा."

दोन्ही झाले तेव्हा ते उठून दारात आले. कापडवाले दोस्त तिथंच होते. अप्पा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझे कान बरेच गेलेत रे. मला वाटायचं तुमी सगळे हळू बोलून राहिलाय. जा, तू बस. तुझेही गेले असतील."

दोस्त हसले आणि जाऊन बसले. त्यांच्यानंतर तांबटांच्या गल्लीतून माणसं आली, लोखंडी सामानवाले आले, पिठाच्या गिरणीवाले आले. एकानं तर बायकोला फोन करून बोलावलं, "तू म्हणत होतीस ना, ये, बघून जा." दुपारी मुलींना जेवायलाही फुरसत मिळाली नाही. कुणाच्या कानात नुसता मळ निघाला आणि तो आनंदानं सगळ्यांना सांगत सुटला. ज्यांना डॉक्टरांकडं जायची गरज होती त्यांना तसं नीट समजावून सांगितलं. जाताना बहुतेकांनी शाळेच्या कोडवर मोबाइल धरला. किती टाकले हे आम्ही विचारत नव्हतो. संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. खात्यातले आकडे बघत त्या नुसत्या "अहो, अहो" म्हणत होत्या.

पुढं इतर गल्ल्यांतून बोलावणी आली. आडत बाजारातून आलं, वाद्यं बनवणाऱ्यांकडून आलं. शाळेत तपासणीचं यंत्र आलं, साच्यांचं सामान आलं. त्या चिमुरडीच्या दोन्ही कानांचे नवे साचे हिमायतनगरच्या मुलीनंच घेतले. ते घालून पोरीला आम्ही एकदा रिक्षातून गावात नेलं. मला वाटलं होतं ती हरखून जाईल. तिनं गोलाईतला गोंगाट थोडा वेळ ऐकला, कपाळाला आठ्या घातल्या आणि मशिनी काढून माझ्या हातात ठेवल्या. रिक्षावाला हसून म्हणाला, "बरोबर हाय तिचं. आमालाबी काढून ठेवता आले असते तर!" शाळेच्या दाराशी उतरल्यावर तिनं हात पुढं केला, मशिनी मागून घेतल्या आणि स्वतःच्या स्वतः घातल्या. आत वर्ग चालू होता.

अप्पांनी मशीन घ्यायला खूप कुरकुर केली. म्हातारपण कपाळावर चिकटवल्यासारखं वाटतं म्हणाले. शेवटी घेतली. पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि आईला म्हणाले, "तू काम करताना गुणगुणतीस व्हय?"

"लग्न झाल्यापासून," आई म्हणाली.

ते तिथंच उंबऱ्यावर बसले. आईनं पाठ फिरवून भाकरी थापायला घेतली, आणि गुणगुणणं थांबवलं नाही.

हिमायतनगरच्या मुलीचं सत्र संपलं तशी ती कानाच्या मशिनी दुरुस्त करायच्या आणि साचे बनवायच्या डिप्लोमाला मुंबईला गेली. तिचे वडील आधी लातूरला आले होते, पोरगी काय करते ते बघायला. ती मोठ्या भिंगाखाली बारीक जोडणी करत असताना ते कितीतरी वेळ मागं उभे होते. स्वतः तारेत आयुष्य काढलेला माणूस तो. "इतकी बारीक तार मी कधी धरली न्हाई," एवढंच मला म्हणाले, आणि मग मुंबईची चौकशी करायला लागले.

माझी नोकरी अजून दरवर्षी वाढवूनच मिळते. सर निवृत्त व्हायला आले आहेत आणि जाण्याआधी हा विभाग कायमचा व्हावा म्हणून पत्रांवर पत्रं लिहितात. उपकुलसचिव मॅडमनी मध्यंतरी त्यावर एक चांगला शेरा मारला म्हणे. बघू. यंदा नवीन सहा जणांची तुकडी शाळेत आली आहे, त्यात पुण्याला जायची परवानगी असूनही इकडंच मागितलेले दोघं आहेत.

त्यांच्या पहिल्या दिवशी मी त्यांना सोडायला गेले होते. शाळेतली मुलं प्रत्येक येणाऱ्याला एक खूण देतात. तेच तुमचं तिथलं नाव. बराच वेळ तुमच्याकडं निरखून बघतात, आपसात हातवारे करून वाद घालतात आणि मग ठरवतात. उंच मुलाला झाड मिळालं, हसणाऱ्या मुलीला गालावरची खळी मिळाली. नव्या मुलांपैकी एकानं मला विचारलं, "मॅडम, तुमची खूण काय?"

मी सांगायच्या आधीच ती चिमुरडी, आता बरीच उंच झालेली, पुढं आली. तिनं खांद्याला पिशवी अडकवल्यासारखं केलं, एका हाताच्या दोन बोटांनी दुसऱ्या तळहातावर भराभरा चालून दाखवलं आणि माझ्याकडं बोट केलं. सगळा वर्ग हसला. मग तिनं नव्या मुलांना हाताला धरून आत नेलं, कारण पहिला तास सुरू व्हायची वेळ झाली होती.